सरकवे साहेब आणि लाल जीन

गावंडे साहेब आमच्या घरी आले की आधी सोफा सरकवतात आणि मग त्याच्यावर बसतात. फार नाही, वीतभर. कधी भिंतीकडे, कधी खिडकीकडे. बसल्यावर एकदा मागे टेकून बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "हं. आता बरं वाटून राह्यलं." ते गेले की आमची सौ. तोंडाने काहीबाही पुटपुटत सोफा परत जागेवर आणते. अकरा वर्षं हे चाललं आहे. फरशीवर त्या वीतभर जागेत सोफ्याच्या पायांचे ओरखडे पडले आहेत आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यांची चौकशी करतो.

मी स्वतः जागचा न हलणारा माणूस. चष्मा डाव्या कोनाड्यात, काठी दारामागे, मी आरामखुर्चीत. चौतीस वर्षं अकोल्यातल्या एकाच कॉलेजात मराठी शिकवलं, तेही बहुतेक एकाच वर्गात. अमरावतीला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडतं. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लागून हे गृहस्थ राहायला यावेत, हा माझ्यावर कुणीतरी काढलेला सूड आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

'प्रल्हाद गावंडे, निवृत्त ओव्हरसियर, बांधकाम खाते' ही त्यांच्या फाटकावरची पाटीसुद्धा आजवर चार जागा फिरली आहे. कशाचीही तक्रार करा, त्यांचं उत्तर ठरलेलं. "सरकवून टाकू!" वीज जाते? खांब सरकवून टाकू. नळाला पाणी येत नाही? टाकी सरकवून टाकू. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायला सांगितली, तर तीही त्यांनी सरकवत सरकवत दुपारवर आणली. कॉलनीत त्यांना सगळे सरकवे साहेब म्हणतात. नवीन भाडेकरूंना ते खरं आडनावच वाटतं. एकदा तर त्या नावाने पार्सल आलं आणि त्यांनी सही करून घेतलंही.

गावंडेवहिनी एकदा आठ दिवस माहेरी पातूरला गेल्या होत्या. परत आल्या, चपला काढल्या, हातातली भाजीची पिशवी ठेवायला सवयीने स्वयंपाकघरात शिरल्या, तर तिथे पलंग. पलंगावर गावंडे साहेब.

"अन् गॅस?" वहिनींनी विचारलं.

"समोरच्या खोलीत. उजेड पाह्य किती चांगला येते तठी!"

वहिनींनी सहा महिने रस्त्याकडे तोंड करून भाकरी थापल्या. येणारे-जाणारे नमस्कार करायचे. सातव्या महिन्यात साहेबांनी गॅस आपण होऊन मागे नेला, कारण आता त्यांना समोर देवघर हवं होतं.

साहेबांच्या खिशात पितळेचा ओळंबा. हा गवंड्यांचा दोरीला बांधलेला लंबक, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा. लोक खिशात पेन ठेवतात, हे ओळंबा ठेवतात. माझ्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, आणि हे स्टेजच्या खांबाला ओळंबा लावून उभे! "भटजी, एक मिनिट थांबा, खांब झुकून राह्यला." खांब दोन इंच सरकवला आणि मगच मंगलाष्टकं पुढे गेली. नोकरीत असताना जंगलातल्या सेमाडोहला यांची बदली झाली होती. तिथे विश्रामगृहाचं फाटक त्यांनी तीनदा जागा बदलून बसवलं. शेवटी साहेब गेल्यावर वाघसुद्धा रस्ता विचारत असेल, असं तिथला चौकीदार म्हणायचा.

बसणं त्यांना माहीत नाही. चहा उभ्याने, पेपर चालत चालत, फोन तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन. बघून बघून आपल्यालाच दम लागतो.

तर असे हे गावंडे साहेब, आणि एके दिवशी पेपरात बातमी आली की लाल जीन पाडणार.

जीन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. आमच्या वऱ्हाडात गावोगावी होत्या. अकोल्यातली ही लाल जीन इंग्रज साहेबाच्या काळातली, भाजक्या विटांची, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर कमानीच्या खिडक्या. बंद पडूनही कित्येक वर्षं झाली होती. आत पारवे आणि बाहेर पानठेला. आता तिच्यावरून मोठा रस्ता जायचा होता. वैशाख संपला की पाडकामाचं मशीन लागणार, असं पक्कं झालं होतं.

देवळाच्या सभागृहात नागरिकांची सभा झाली. वारसा, अस्मिता, इतिहास असे शब्द मी धरून चौघांनी वापरले. निवेदन द्यायचं ठरत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सरकवून टाकू!"

सभा हसली. साहेब खुर्च्यांमधून वाट काढत (वाटेतल्या दोन खुर्च्या सरकवत) पुढे आले. "हसता काहून? रस्ता नायी सरकत ना? मंग जीन सरकवू. मोर्णा नदीपलीकडं पालिकेची जागा पडली हाय. तठी नेऊन ठेवू."

मोबाइलवर त्यांनी सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी देशात अख्खी इमारत चाकांवर चालत होती. त्यांनी तसला एक जॅकवाला कंत्राटदार हरियाणातून बोलावलाही. तो आला, जीनच्या भोवती फिरला, पायाजवळची काळी माती मुठीत घेतली, पाणी घालून मळली आणि म्हणाला, "साहब, ये मिट्टी तो जॅक को ही खा जाएगी." आणि जेवून परत गेला.

साहेबांचं काही अडलं नाही. अख्खी जात नाही, तर एकेक वीट न्यायची. प्रत्येक विटेवर नंबर टाकायचा, पलीकडे त्याच नंबराने लावायची. पालिकेलाही मुलांच्या अभ्यासिकेसाठी इमारत हवीच होती, वर्गणी जमली, परवानगीचे कागद हलू लागले. मला त्यांनी चिटणीस केलं.

"मी काहून?" मी विचारलं.

"तुमचं अक्षर चांगलं हाय, सर."

मला वाटलं, पत्रव्यवहारासाठी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दार वाजलं आणि माझ्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आला. चौतीस वर्षं मराठी शिकवलेला मी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, अकोल्याच्या एप्रिलात, परांचीवर बसून विटांवर 'पू. १२-४७' असं लिहीत होतो. पू म्हणजे पूर्व. बारावा थर, सत्तेचाळिसावी वीट. ऊन असं की रंग ब्रशवरच वाळायचा. मी घरी येऊन भिंतीकडे बघितलं तरी मला नंबर दिसायचे.

काम करायला रहीम मिस्त्री आणि त्यांची माणसं, आणि विटा काढून, चुना खरवडून, गाडीत भरायला सुमनबाईंच्या हाताखालच्या बारा बाया. सुमनबाई म्हणजे साठीची, नऊवारीचा काचा मारलेली मुकादम. तिच्यापुढे ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा हॉर्न वाजवताना विचार करायचा.

साहेबांनी सगळ्यांना वेड लावलं. अर्धा दिवस इकडे, अर्धा दिवस नदीपलीकडे. नव्या जागेवर चुन्याच्या फक्कीने केलेली आखणी त्यांनी पाच वेळा पुसली. दार पूर्वेला, नाही उत्तरेला, नाही, सहा फूट मागे. रहीम मिस्त्री एकदा वैतागून माझ्याजवळ येऊन बसले. "सर, इनको समजाव ना. अभी खडीच नहीं हुई और ये उसको सरकवून राहिले." नंबरांवरूनही त्यांची कुरकुर होती. "इटा इट होती है सर. कोनती बी कुठी बी लागते. कमानीच्या तेवढ्या सांभाळा, त्या चिरून घडवल्या हायेत. बाकी ये नंबर-बिंबर सब साब का शौक है." हे ऐकून माझ्या मनगटाला काय वाटलं ते मनगटच जाणे.

फक्त मागच्या पडवीची भिंत साहेबांनी नंबर टाकायला मला दिली नाही. जीनच्या मागे एक अरुंद पडवी होती, कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांच्या बसण्याची. तिथल्या भिंतीत एक लोखंडी कडी होती, छातीइतक्या उंचीवर, आणि कडीच्या खाली पाच-सहा विटांवर काळे, तेलकट डाग. मशीनचं वंगण असावं, असा मी अंदाज केला. त्या भिंतीचे नंबर साहेबांनी स्वतः टाकले, चवड्यांवर बसून, दीड दिवस. नव्या आखणीत सगळं फिरलं, पण ती पडवी एकदा जिथे आखली तिथेच राहिली. माझं अक्षर त्यांना पसंत नसावं म्हणून मला दिली नाही, असं समजून मी जरा रागावलोही होतो.

ती भिंत अगदी शेवटाकडे निघायची होती. ती काढायच्या दिवशी नेमकं साहेबांना एका सहीसाठी अमरावतीला जावं लागलं. सकाळच्या एसटीत चढताना त्यांनी सुमनबाईंना तीनदा बजावलं, "आज मागची भिंत हाय. बाकी कसंबी करा, पन याची एकेक इट जपून. लेकरावानी."

सुमनबाईंनी जपलं. कसं जपलं ते मी डोळ्यांनी बघितलं आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. बायांनी विटा काढल्या, चुना खरवडला. मग सुमनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साहेबाचा एवढा जीव हाय या भितीवर, अन् पाह्य कशा मळल्या हायेत! नव्या घरात अशा काळ्या-तेलकट न्यायच्या का वं?" टँकर बोलावला. बारा बायांनी निरमा टाकून, तारेच्या ब्रशाने आणि विटकरीने त्या भिंतीची एकेक वीट घासली. न्हाऊ-माखू घातलं म्हणा ना. आपलाही हात लागावा म्हणून डबाभर पाणी मीही ओतलं. मग विटा सांडग्यांसारख्या ओळीने उन्हात वाळत घातल्या आणि पहिल्या विटेला हळदकुंकू लावलं.

साहेब चारला आले. हातात सही झालेला कागद होता. तो त्यांनी लांबूनच हलवला आणि जवळ येऊन थांबले.

लालचुटूक, कोऱ्या विटा. एकीवरही नंबर नव्हता, आणि एकीवरही डाग नव्हता.

बाया ओठ दाबून हसत उभ्या होत्या, शाबासकीची वाट बघत. साहेब ओळीने चालत गेले. एक वीट उचलली, फिरवून चारी बाजूंनी बघितली. दुसरी. तिसरी. प्रत्येक वीट त्यांनी होती तिथेच परत ठेवली. अकरा वर्षांत या माणसाने उचललेली वस्तू जागच्या जागी ठेवलेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

"लय साफ केल्या, बाई," ते सुमनबाईंना म्हणाले. "चांगलं केलं." आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते साइटवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. नदीपलीकडे काम अडलं, कमानीचा साचा कुठल्या उंचीला बांधायचा ते रहीम मिस्त्रींना कुणी सांगेना. इकडे उरलेली अर्धी पश्चिमेची भिंत उभी आणि वैशाख संपायला अठरा दिवस. मशीनवाले एकदा येऊन जागा बघून गेले. चौथ्या दिवशी गावंडेवहिनी आमच्याकडे आल्या. डोळे भरलेले.

"सर, जरा चला ना जी घरी. चार दिस झाले, यायनं खुर्चीबी नायी सरकवली."

मी गेलो. साहेब पलंगावर बसले होते. बसलेले! पितळेचा ओळंबा टेबलावर पडला होता. मी मुद्दाम त्यांची खुर्ची हातभर ओढून घेतली. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, नंबरांचं मनावर घेऊ नका," मी म्हणालो. "रहीम मिस्त्री म्हणतात, कुठलीही वीट कुठेही लागते."

"नंबर गेले खड्ड्यात, सर." "माही माय होती त्या जीनमंधी. कापूस येचाले."

हे मला माहीत नव्हतं. कॉलनीत कुणालाच नव्हतं.

"त्या कडीले झोळी बांधे. मी झोळीत. सांच्याले बाया घरी निघाल्या का आपापल्या लेकराले काजळाची तीट लावत, नजर लागू नये म्हनून. अन् काजळाचं बोट पुसाव कुठी? लुगडं एकच. तर त्या इटेले पुसत. साऱ्याजनी. वर्षानुवर्षं." त्यांनी हवेत बोट ओढून दाखवलं. "मी सात वर्साचा होतो, माय गेली. फोटो नायी, सर. एकबी नायी. लुगडं नायी, पितळेची वाटीबी नायी. तिचा हात लागलेलं कायी म्हनाल तर थो डाग."

"त्यांतला तिचा कोणता, ते कसं कळायचं?" मी विचारलं. असले प्रश्न विचारायची खोड मास्तरांना असते.

"नायीच कळत. धा-पंधरा बायांचे डाग. पन त्याच्यात एक तिचा होता ना, जी!" आणि हा माणूस, जो तीस वर्षं कंत्राटदारांना घाम फोडत होता, तो माझ्यासमोर तोंडावर दुपट्टा घेऊन रडला. "बदली झाली का जाऊन पाहे. रिटायर झालो का जाऊन पाहे. आपली तेवढीच वस्तू जागेवर हाय म्हनून बाकी सारं सरकवत राह्यलो, सर."

ज्याला मी वंगण समजलो होतो, ते धुवायला पाणी मीही ओतलं होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुमाले का मालूम? बायाले का मालूम? मीच सांगतलं ना, लेकरावानी जपा. लेकराले मानूस धुतेच." आणि मला शपथ घातली, सुमनबाईला कळू द्यायचं नाही. तिने प्रेमाने केलं, तिच्या जिवाला लागेल.

पाचव्या दिवशी सकाळी साडेपाचला माझं दार वाजलं. "चला सर. कमान राह्यली."

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या जागेवर एकही वीट उरली नव्हती. मशीन आलं, तेव्हा त्याला पाडायला काही नव्हतं. पुढचे महिने नदीपलीकडे भिंती चढत गेल्या. मागची भिंत रहीम मिस्त्रींनी बिननंबरी लावली. कडी मात्र साहेबांनी आपल्या हाताने बसवली, फुटपट्टीने मोजून, होती त्याच उंचीला. खालच्या विटा कोऱ्या. साहेबांनी त्यांच्याकडे कधी वळून बघितलं नाही. पुन्हा धावपळ, पुन्हा "सरकवून टाकू". पण आवाज थोडा उतरला होता.

आणि शपथेचं म्हणाल, तर ती मी मोडली. महिनाभर पाळली, मग पोटात राहवेना. सुमनबाईंनी ऐकलं, कपाळावर हात मारला, खाली मातीत बसल्या. एवढंच म्हणाल्या, "माही सासूबी तठीच होती." आणि उठून घमेलं उचललं.

मार्गशीर्षात उद्घाटन झालं. मांडव, सनई, पाहुण्यांची वाट. मी चिटणीस म्हणून उगाच इकडे-तिकडे करत पडवीत आलो, तर कडीला झोळी बांधलेली. सुमनबाईंची सून विटांच्या कामावर होती, तिची चार महिन्यांची मुलगी झोळीत झोपली होती. सुमनबाई शेजारी मांडी घालून बसल्या होत्या. कनवटीची काजळाची डबी काढून त्यांनी नातीच्या गालावर तीट लावली. मग काळं बोट समोर धरलं, नव्या कोऱ्या लुगड्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "आता हे पुसाव कुठी?"

आणि बोट कडीखालच्या विटेवर पुसलं. मागे कामावरच्या बाया उभ्या होत्या, लेकुरवाळ्या, नातवंडांच्या. एकेक जण आली, झोळीत वाकली, गालाला बोट लावलं आणि विटेला पुसलं. पोरीचा गाल काळा झाला. ती उठली नाही.

साहेब दारात उभे होते. कधीपासून, मला माहीत नाही. त्यांचा हात खिशात ओळंब्यावर गेला होता आणि तिथेच राहिला होता. सुमनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी सुमनबाईंकडे बघितलं नाही.

तेवढ्यात समितीचे एक सदस्य घाईघाईने आले. "पाहुणे आले, पाहुणे आले! खुर्च्या इथे सावलीत लावायच्या आहेत. ही झोळी जरा तिकडे सरकवून टाका बरं, साहेब."

"नायी," गावंडे साहेब म्हणाले. "लेकरू झोपलं हाय. थे तठीच राहू द्या."

सदस्य माझ्याकडे बघू लागले. मग मीच दोन्ही हातांत दोन खुर्च्या उचलल्या आणि उन्हात नेऊन ठेवल्या.